तार लाल होते आणि विझून जाते: अ‍ॅसिटोनवरच्या तांब्याच्या प्रयोगाचं दुखणं

प्रयोग ऐकायला सोपा आहे. बीकरच्या तळाशी थोडं अ‍ॅसिटोन घ्यायचं, त्याच्या वर तांब्याच्या तारेचं तापवलेलं वेटोळं टांगायचं. खाली ज्योत नाही, तारेला वीज जोडलेली नाही, तरी वेटोळं लाल राहतं. अ‍ॅसिटोनची वाफ आणि हवेतला ऑक्सिजन यांची अभिक्रिया तांब्याच्या पृष्ठभागावर होते, तिची उष्णता तारेलाच मिळते आणि तार पुढची अभिक्रिया घडवण्याइतकी गरम राहते. धातू वायूंच्या अभिक्रियेला चालना देतो, म्हणजे उत्प्रेरक ठरतो, हे वर्गात डोळ्यांनी दाखवणारा याहून स्वस्त प्रयोग मला माहीत नाही. प्लॅटिनमची तार आपल्याकडे कुठल्या शाळेच्या कपाटात आहे?

खानापूर, निपाणी, बेळगाव या भागातले विज्ञानाचे शिक्षक एकत्र आले की या प्रयोगाबद्दलची तक्रार मात्र एकच असते. तार काही सेकंद लाल दिसते, मग काळी पडते आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, विझूलालंय की!" पुन्हा तापवा, पुन्हा टांगा, पुन्हा तेच. मग कारणं शोधली जातात: तांबं भेसळीचं, अ‍ॅसिटोन जुनं, पावसाळी दमट हवा, डिसेंबरातली थंडी. यातली एकदोन कधीकधी खरीही असतात. पण माझं मत असं की बहुतेक वेळा तारेत काही खोट नसते. तिला हवा मिळत नाही, नाहीतर तिची उष्णता दुसरीकडून गळत असते. म्हणून तार बदलण्याआधी या दोन गोष्टी तपासा.

आधी हवेचा हिशेब

अ‍ॅसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळतं, पण त्याच्या खूप आधीपासून त्याची भरपूर वाफ होत असते. २० अंशांना त्याचा बाष्पदाब २४ ते २५ किलोपास्कल असतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे हवेचा एकूण दाब ९२-९३ किलोपास्कलच्या आसपास असतो. म्हणजे द्रवाच्या लगतच्या थरात सुमारे चौथा हिस्सा अ‍ॅसिटोनच असतं. आता समीकरण मांडा. एक रेणू अ‍ॅसिटोन पूर्ण जळायला चार रेणू ऑक्सिजन लागतो. हवेत ऑक्सिजन एकपंचमांश, म्हणजे एक घनफळ वाफेला सुमारे १९ घनफळं हवा हवी. योग्य मिश्रणात अ‍ॅसिटोन पाचेक टक्के असायला हवं आणि आपण तार लोंबकळत ठेवतो पंचवीस टक्क्यांच्या थरात. पाचपट इंधन आणि ऑक्सिजनची बोंब.

त्यामुळे तार विझली की अ‍ॅसिटोन कोमट पाण्यात ठेवून गरम करण्याचा जो उपाय सर्रास केला जातो, तो उलटा आहे. ३० अंशांना हेच प्रमाण चाळीस टक्क्यांच्या घरात जातं. थंडीला दोष देणंही चुकीचं, कारण १५ अंशांच्या सकाळीही द्रवालगत वीसेक टक्के वाफ असतेच. वाफ कमी पडली म्हणून विझली असं आपल्या हवामानात फारसं होत नाही.

भांडं कोणतं घेता यावर बरंच ठरतं. अनेक जण शंकुपात्र घेतात, कारण पुस्तकातल्या चित्रात ते छान दिसतं. अरुंद तोंडातून हवा आत शिरायची आणि कार्बन डायऑक्साइड नि पाण्याची वाफ बाहेर पडायची, दोन्हींना वाट एकच. शंकुपात्रात वेटोळं मंदावतं, थोडी हवा शिरली की उजळतं, पुन्हा मंदावतं. ते धडधडणं बघायला मजेचं असतं, पण पहिल्यांदा दाखवताना नको. रुंद तोंडाचा, फार उंच नसलेला २५० मिलीचा बोरोसिलिकेट बीकर घ्या. अ‍ॅसिटोन १० ते १५ मिली पुरे, तळ झाकला म्हणजे झालं. प्लॅस्टिकच्या भांड्याचा विचारही नको, कितीतरी प्लॅस्टिक अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतात.

वेटोळ्याचं खालचं टोक द्रवापासून १ ते २ सेंटिमीटर वर ठेवून सुरुवात करा आणि ते स्टँडच्या क्लॅम्पवर असं बांधा की वरखाली करता येईल. रोग ओळखायची सगळ्यात सोपी चाचणी यातच आहे. तार मंदावायला लागली की क्लॅम्प थोडा वर घ्या. ती उजळली तर हवा कमी पडत होती. वर घेतल्यावर आणखी मंदावली तर एकतर वारा वाफ उडवून नेतोय, नाहीतर उष्णता गळतेय. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

वाऱ्याचं त्रांगडं असं की खिडक्या बंद करता येत नाहीत. ही अभिक्रिया नीट पूर्ण जळणाऱ्या अ‍ॅसिटोनची नव्हे. तांब्यावर ते अर्धवट ऑक्सिडाइझ होतं आणि त्यात डोळ्यांना, घशाला झोंबणारी अल्डिहाइडं आणि थोडं कीटीन हा तिखट वासाचा वायूही तयार होतो. फ्यूम हूड, म्हणजे धूर बाहेर ओढून नेणारं कपाट, असेल तर प्रश्न नाही. नसेल तर खिडक्या उघड्या, डोक्यावरचा पंखा बंद, आणि बीकरच्या वाऱ्याकडच्या बाजूला फरशीचा उभा तुकडा. पुठ्ठ्याचा आडोसा करू नका. मुलांना नाकाजवळ नेऊन वास घ्यायला लावायचं नाही. तार दोन-तीन मिनिटं लाल राहिली की दाखवायचं ते दाखवून झालं, तासभर चालू ठेवायची गरज नसते.

उष्णता कुठून गळते

इथे थोडा इतिहास कामाला येतो. खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा बनवताना हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला १८१७ साली दिसलं की ज्वलनशील वायू आणि हवेच्या मिश्रणात गरम प्लॅटिनमची तार ठेवली तर ज्योतीशिवायच ती लाल होते आणि लाल राहते. त्याने इतर धातूही घेऊन पाहिले. प्लॅटिनम आणि पॅलेडियम यांच्याशिवाय कुणीच दाद दिली नाही. तांबं, चांदी, लोखंड, सोनं, जस्त सगळे नापास. आपण वर्गात जे तांबं घेऊन बसतो, ते खुद्द डेव्हीच्या हातात पेटलं नव्हतं! प्लॅटिनम आणि पॅलेडियम उष्णता फारशी वाहून नेत नाहीत, त्यांना तापायला उष्णता कमी लागते, म्हणून त्यांना जमतं असं त्याने मांडलं. आज आपल्याला ठाऊक आहे की पृष्ठभागावरचं रसायनही वेगळं असतं, पण त्याच्या स्पष्टीकरणातला उष्णतेचा भाग आपल्या बीकरला तंतोतंत लागू पडतो. तांब्याची उष्णतावाहकता प्लॅटिनमच्या पाचपटीहून जास्त आहे.

याचा अर्थ असा की वेटोळं ज्या जाड तांब्याच्या दांडीवर टांगलंय, तीच त्याची उष्णता वर क्लॅम्पच्या लोखंडात ओतत असते. एकाच तारेचं वेटोळं आणि तीच तार वर वळवून आकडा, ही आपली नेहमीची पद्धत. ती सोडा. वेटोळं वेगळं करा आणि ते बारीक नायक्रोमच्या (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या) तारेने टांगा. ज्वाला परीक्षेसाठी आणलेली नायक्रोम तार लॅबमध्ये असतेच. नसेल तर विजेच्या शेगडीच्या जुन्या कॉइलचा तुकडा सरळ करून घ्या. एवढ्या एका बदलाने विझणारी तार टिकलेली मी बऱ्याच शाळांत पाहिली आहे.

वेटोळंही दाट हवं. तारेचे सुटे, लांबलांब फेरे प्रत्येकी चारी बाजूंनी थंड होतात. फेरे जवळजवळ असले, पण एकमेकांना चिकटलेले नसले, तर एकाची उष्णता दुसऱ्याला मिळते आणि मधून हवाही खेळते. पेन्सिलीवर आठ-दहा फेरे घट्ट गुंडाळून नंतर किंचित ताणले की बरोबर बसतं. चपट्या वेटोळ्याचाही उपयोग होतो, पण मागच्या बाकावरून ते दिसत नाही.

तार कुठली

१८ ते २० गेजची, म्हणजे साधारण सव्वा ते ०.९ मिलिमीटर जाडीची शुद्ध तांब्याची तार. आपल्या भागात ती मिळणं अवघड नाही. शेतातल्या पंपांच्या मोटारी जळतच असतात, त्यामुळे वाइंडिंगवाला गावोगावी आहे आणि त्याच्या रद्दीत जाडजूड तार सापडते. मात्र त्या तारेवर इनॅमलचा पातळ लेप असतो. तो तांब्याच्याच रंगाचा, चकचकीत, म्हणून लक्षात येत नाही. लेप असलेली तार टांगली तर वाफेची गाठ तांब्याशी पडतच नाही. आधी ती मोकळ्या हवेत जाळून घ्या, मग पॉलिश पेपरने घासून गुलाबी तांबं दिसेपर्यंत साफ करा.

घराच्या वायरिंगमधली तार सोलून वापरायची असेल तर दोन गोष्टी बघा. हल्लीच्या वायरीत केसासारखे बारीक धागे असतात, एकेकटा धागा क्षणात थंड होतो. ते पिळून एकत्र करावे लागतात. दुसरी गोष्ट धोक्याची आहे. स्वस्त वायरीत वरून तांबं आणि आत अ‍ॅल्युमिनियम असू शकतं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांबं १०८५ अंशांना. लाल तापलेलं वेटोळं आतून वितळून अ‍ॅसिटोनमध्ये पडलं तर पुढे काय होईल ते सांगायला नको. ब्लेडने तार तिरकी कापून बघा, आत पांढरं दिसलं तर ती तार बाजूला.

इंटरनेटवरच्या व्हिडिओंत अमेरिकन पेनी वापरतात ते पाहून आपलं नाणं टांगू नका. आपली हल्लीची रुपया-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत. आणि त्या पेनीलासुद्धा अट आहे, १९८२ नंतरच्या पेनीत आत जस्त असतं आणि ते ४२० अंशांनाच वितळतं. आजीच्या डब्यात १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा सापडला तर तो ब्राँझचा असतो, भोकही टांगायला आयतंच. पण तो जपून ठेवा, तार दहा रुपयांची मिळते.

आणखी एक कारण क्वचित कुणाच्या लक्षात येतं. ज्या लॅबमध्ये क्षार विश्लेषणासाठी हायड्रोजन सल्फाइड वापरतात, तिथे कपाटात ठेवलेली तांब्याची तार सल्फाइडने काळवंडते. तापवून आलेला काळा थर वेगळा, तो कॉपर ऑक्साइडचा, त्याने बिघडत नाही. गंधकाचा थर मात्र पृष्ठभाग अडवून बसतो. गंधक, शिसं ही उत्प्रेरकांची जुनी विषं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर पेट्रोल शिसेविरहित झालं, त्यामागे आरोग्याइतकंच गाड्यांच्या सायलेन्सरमधल्या उत्प्रेरकाचंही कारण होतं, कारण तो शिशाने निकामी होतो. वर्गात हा मुद्दा सांगायला तार काळवंडणं हे चांगलं निमित्त आहे. तार प्रत्येक वेळी घासूनच घ्या.

तापवायचं कशावर

मेणबत्तीवर अजिबात नाही. काजळी बसते. स्पिरिटच्या दिव्यावर २० गेजचं वेटोळं जमतं, जाड असेल तर लाल व्हायला फार वेळ लागतो. एक शिक्षक मित्र बिसिऊटाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, स्वयंपाकघरातल्या गॅसवर तार तापवून वर्गापर्यंत पळत येत असत. तार थंड, मुलं हसतायत, आणि भाताचा वास. फ्रिज दुरुस्तीवाल्याकडे असतो तसला लहान ब्लो टॉर्च सर्वांत सोयीचा.

अ‍ॅसिटोनबद्दल एवढंच: नेलपॉलिश रिमूव्हर हा पर्याय धरू नका. कित्येक बाटल्यांवर आता अ‍ॅसिटोन नाही असं अभिमानाने छापलेलं असतं, आत इथाइल अ‍ॅसिटेट असतं. रंगाच्या दुकानातला थिनर तर मिश्रणच. आणि जूनपासून खानापूर-जांबोटीच्या पावसात बाटलीचं बूच उघडं राहिलं तर अ‍ॅसिटोन हवेतलं पाणी ओढून घेतं. शंका असेल तर नवी बाटली फोडा.

पेट घेतला तर

हा भाग वाचल्याशिवाय प्रयोग करू नये, आणि तो मुलांच्या हाती कधीही देऊ नये. शिक्षकानेच करायचा, गॉगल घालून.

अ‍ॅसिटोनची वाफ हवेत २.५ ते सुमारे १३ टक्के असली की पेट घेऊ शकते. द्रवालगत पंचवीस टक्के, बीकरच्या तोंडाबाहेर जवळजवळ शून्य. म्हणजे मधे कुठेतरी पेट घेणारा थर असतोच, आणि तार आत सोडताना त्यातूनच जावी लागते. धगधगती नारिंगी तार घाईने आत घातली की भक्कन पेटतं ते इथे. उपाय असा की तार लाल झाल्यावर बाजूलाच क्षणभर थांबा. लाली नुकती मावळली, तार काळी दिसू लागली, की आत सोडा. ती अजून पाचशे अंशांच्या आसपास असते आणि अभिक्रिया सुरू व्हायला तेवढं पुरतं. सुरक्षिततेपलीकडे याचा आणखी एक फायदा आहे. तार काळी आत जाते आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आपोआप लाल होत येते. आधीच लाल असलेली तार लाल राहण्यापेक्षा हे कितीतरी पटवून देणारं.

अ‍ॅसिटोनची वाफ हवेच्या दुप्पट जड असते, टेबलावरून पाण्यासारखी पसरते. म्हणून तापवायचा दिवा दुसऱ्या टेबलावर, निदान दोन मीटर लांब, आणि तार उचलल्याबरोबर तो विझवायचा. अ‍ॅसिटोनची बाटली बूच लावून कपाटात गेलेली असली पाहिजे. बीकरवर पूर्ण बसेल असा फरशीचा तुकडा आणि ओलं पोतं हाताशी ठेवा. पेट घेतलाच तर क्लॅम्पसह वेटोळं बाजूला सारून वर फरशी ठेवायची, दोन सेकंदांत विझतं. फुंकर मारू नका, बीकर हातात घेऊ नका.

मुलांच्या शंका, ज्यावर प्रयोग अडतो

प्रयोग जमला तरी एक अडचण उरते, ती रसायनाची नव्हे, समजुतीची. मुलं म्हणतात, तार आधीच गरम होती म्हणून लाल राहिली. त्यांचं म्हणणं रास्त आहे. तेच वेटोळं तसंच तापवून रिकाम्या बीकरमध्ये टांगून दाखवा. काळं पडतं आणि काळंच राहतं. ही तुलना आधी करावी, अ‍ॅसिटोनवालं नंतर.

दुसरी शंका जास्त चांगली असते. "सर, तांबं काळं झालं म्हणजे त्याचीच अभिक्रिया झाली की. मग ते उत्प्रेरक कसं?" हा प्रश्न टाळू नका, सगळं सार त्यात आहे. काळं ऑक्साइड झालेलं गरम वेटोळं वाफेत नेलं की त्यावर गुलाबी डाग उमटतात. अ‍ॅसिटोन ऑक्साइडातला ऑक्सिजन काढून घेतं, तांबं उघडं पडतं, हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा काळं होतं. काळं-गुलाबी-काळं ही लाट नीट बघितली तर तारेवरून सरकताना दिसते. तांबं अभिक्रियेत भाग घेतं, पण फेरा पूर्ण करून परत येतं. उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेत नाही असं जे वाक्य पाठ केलेलं असतं, ते इथेच दुरुस्त करता येतं. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने १८३५ साली या प्रकाराला उत्प्रेरण (कॅटॅलिसिस) हे नाव दिलं तेव्हा आत काय चालतं ते कुणालाच माहीत नव्हतं. धातूच्या पृष्ठभागावर रेणूंचं नेमकं काय होतं हे उलगडून दाखवल्याबद्दल गेरहार्ड एर्टल यांना नोबेल मिळालं ते २००७ साली.

एखादा हुशार विद्यार्थी तारेचं आधीचं आणि नंतरचं वजन करतो आणि ते कमी भरतं. वेटोळं थंड होताना ऑक्साइडचे पापुद्रे तडकून गळतात, बीकरच्या तळाशी काळे कण दिसतात. वजन त्यांचं गेलेलं असतं. उद्योगातही उत्प्रेरक असा झिजतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. नायट्रिक आम्ल बनवताना अमोनिया-हवेचं मिश्रण प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या जाळीवरून नेतात, तिथेही प्लॅटिनम हळूहळू उडून जातं आणि ते पकडायला खाली पॅलेडियमयुक्त जाळ्या लावतात.

बारावीच्या एनसीईआरटी पुस्तकातून २०२२च्या कपातीत पृष्ठभाग रसायनाचं प्रकरणच गेलं. पीयूला (कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला) आलेल्या मुलांना अधिशोषण, म्हणजे पृष्ठभागावर रेणू चिकटणं, हा शब्द आता धावता भेटतो. म्हणून हा प्रयोग दहावीपर्यंतच्या वर्गातच दाखवून टाकावा असं मला वाटतं.

अ‍ॅसिटोनऐवजी मिथेनॉल घ्यायचा मोह होतो, त्यावर तार सुंदर पेटते असं दाखवणारे व्हिडिओ आहेत. घेऊ नका. त्यातून फॉर्मल्डिहाइड तयार होतं आणि ते कर्करोगकारक आहे, शिवाय मिथेनॉल स्वतःच विष. अमोनियावरचा प्रयोग प्लॅटिनम आणि फ्यूम हूड असल्याशिवाय करण्यासारखा नाही.

प्रयोग संपला की वेटोळं वर उचलून कोरड्या फरशीवर ठेवा, बीकर झाकून गार होऊ द्या. उरलेलं अ‍ॅसिटोन मूळ बाटलीत परत ओतू नका, सिंकमध्येही नको, कारण वाफ पाइपात साचते. 'वापरलेलं अ‍ॅसिटोन' असं लिहिलेली वेगळी काचेची बाटली ठेवा. पुढच्या वेळी काचसामान धुवायला तेच चालतं.